ओढउपकरणांद्वारे सागरी हरितद्रव्य व गढूळपणाचे मापन

ओढउपकरणांद्वारे सागरी हरितद्रव्य व गढूळपणाचे मापन ही समुद्रविज्ञानातील एक निरीक्षणपद्धती आहे. या पद्धतीत प्रकाशीय संवेदक बसवलेला सांगाडा किंवा पंख असलेले यंत्र तारेला बांधून चालत्या जहाजामागे पाण्याखालून ओढत नेतात. अशा यंत्राला सुटसुटीतपणे ओढउपकरण म्हणता येते. पाण्यातून जाताना संवेदक दर सेकंदाला अनेक नोंदी घेतात. त्यांवरून त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती किती आहेत आणि न विरघळलेले कण किती तरंगत आहेत, याचा अंदाज बांधला जातो.

या दोन्ही राशींचे मापन अप्रत्यक्ष असते. संवेदक प्रत्यक्षात फक्त प्रकाश मोजतो आणि त्या प्रकाशाचे रूपांतर हरितद्रव्याच्या किंवा गाळाच्या प्रमाणात गणिताने करावे लागते. हे रूपांतर किती विश्वासार्ह आहे, यावर मत्स्यसंपदेचे आकलन, समुद्र वातावरणातील किती कार्बन शोषतो याचा हिशेब आणि खोल समुद्रातील प्रस्तावित खाणकामाचे पर्यावरणीय मूल्यमापन असे अनेक निष्कर्ष अवलंबून असतात.

## पार्श्वभूमी

समुद्रातील प्रकाशसंश्लेषण मुख्यतः वनस्पती प्लवक करतात. हे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु सागरी अन्नसाखळीचा पाया तेच आहेत. त्यांची संख्या थेट मोजणे वेळखाऊ असल्याने, सर्व वनस्पती प्लवकांत आढळणारे हरितद्रव्य-अ हे रंगद्रव्य त्यांच्या प्रमाणाचे निदर्शक मानले जाते. महासागरांच्या मध्यभागी एक घनमीटर पाण्यात हरितद्रव्य ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असू शकते. जिथे खालचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते अशा किनारी भागांत ते कित्येक मिलिग्रॅमपर्यंत वाढते.

हरितद्रव्य मोजण्याची पारंपरिक पद्धत अशी : जहाज थांबवायचे, ठरावीक खोलीवरील पाणी बाटलीत भरून वर आणायचे, ते काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळायचे आणि कागदावर उरलेल्या प्लवकांतील रंगद्रव्य ॲसिटोनमध्ये उतरवून प्रयोगशाळेत मोजायचे. ही पद्धत अचूक आहे. पण एका ठिकाणी काही तास जातात आणि दोन ठिकाणांमध्ये बहुधा दहापट-वीसपट किलोमीटरांचे अंतर राहते. प्लवकांचे पट्टे, भोवरे आणि प्रवाहांच्या सीमा यांची रुंदी अनेकदा याहून कमी असते. त्यामुळे बाटल्यांच्या नोंदींतून उभे राहणारे चित्र विरळ असते.

उपग्रहांनी पृष्ठभागापुरती ही अडचण दूर केली. मात्र समुद्राचा रंग टिपणाऱ्या उपग्रहाला पाण्याचा फक्त वरचा थर दिसतो. अगदी स्वच्छ पाण्यातही ही खोली काही दशक मीटरांपलीकडे जात नाही, आणि ढगांखालचे काहीच दिसत नाही. विस्तार आणि खोली या दोहोंचे चित्र एकाच वेळी मिळावे, या गरजेतून ओढउपकरणे विकसित झाली.

## मापनाची तत्त्वे

### हरितद्रव्य

हरितद्रव्याने निळा प्रकाश शोषला की त्यातील थोडी ऊर्जा ते लाल प्रकाशाच्या रूपाने परत सोडते. या घटनेला अनुस्फुरण म्हणतात. जिवंत प्लवकांतील हरितद्रव्याचे अनुस्फुरण सुमारे ६८५ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ सर्वाधिक असते. अनुस्फुरणमापकात साधारण ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा एलईडी असतो. त्याचे लुकलुकते किरण पाण्यात सोडले जातात आणि परतणारा लाल प्रकाश गाळणीतून वेगळा करून प्रकाशग्राहीवर घेतला जातो. दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असल्यामुळे सूर्यप्रकाशाचा अंश गणिताने वगळता येतो.

या पद्धतीत पाणी गाळावे लागत नाही आणि प्लवक मारावेही लागत नाहीत. जिवंत प्लवकांचे अनुस्फुरण वाहत्या पाण्यात सलगपणे मोजण्याची पद्धत कार्ल लॉरेन्झन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढील सर्व ओढउपकरणांवरील हरितद्रव्यमापनाचा ती आधार ठरली.

### गढूळपणा

गढूळपणा म्हणजे पाण्यातील कणांमुळे प्रकाश विखुरला जाऊन पाण्याची पारदर्शकता कमी होणे. तो मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

* विखुरलेल्या प्रकाशाचे मापन : संवेदकातून निघालेल्या किरणांपैकी कणांवर आदळून बाजूला किंवा मागे परतणारा प्रकाश मोजला जातो. कण जितके जास्त, तितका परतणारा प्रकाश जास्त. खोल समुद्रासाठी बहुधा ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश वापरतात, कारण त्या तरंगलांबीवर पाण्यात विरघळलेल्या रंगीत सेंद्रिय पदार्थांचा अडथळा कमी होतो.
* पारगमनाचे मापन : प्रकाशाचा अरुंद झोत पाण्यातील ठरावीक अंतर, बहुधा २५ सेंटीमीटर, पार करून पलीकडील ग्राहीवर किती शिल्लक राहतो ते मोजले जाते. या उपकरणास पारगमनमापक किंवा ट्रान्समिसोमीटर म्हणतात.

गढूळपणाची एकके फॉर्माझिन नावाच्या प्रमाण द्रावणाच्या तुलनेने ठरवली जातात. ही एकके म्हणजे कणांचे वजन नव्हे. तेवढ्याच वजनाची बारीक चिकणमाती आणि जाड वाळू पाण्यात मिसळली, तर चिकणमातीचे पाणी कितीतरी अधिक गढूळ दिसते. कारण बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ जास्त असते. म्हणून त्या त्या ठिकाणचा गाळ घेऊन संवेदकाची जुळणी केल्याशिवाय गढूळपणाच्या आकड्यावरून गाळाचे वजन सांगता येत नाही.

## इतिहास

समुद्राच्या पारदर्शकतेचे पहिले पद्धतशीर मापन १८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात केले. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, हे ते पाहत. सेक्की तबकडी आजही वापरात आहे, मात्र तिच्यासाठी जहाज थांबवावे लागते.

जहाज चालू असतानाच नोंद घेण्याची कल्पना ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी प्रत्यक्षात आणली. ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील १९२५ ते १९२७ च्या अंटार्क्टिक मोहिमेत त्यांनी सलग प्लवक नोंदक वापरला. या यंत्राच्या तोंडातून शिरलेले पाणी रेशमी जाळीतून गाळले जाते. पाण्याच्या प्रवाहाने फिरणारा पंखा ती जाळी हळूहळू पुढे सरकवतो, आणि प्लवक रेशमाच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकून जतन होतात. १९३१ पासून उत्तर समुद्रात मालवाहू व प्रवासी जहाजांमागे हे यंत्र नियमितपणे ओढले जाऊ लागले. रेशीम किती हिरवे झाले आहे, हे डोळ्यांनी रंगपट्टीशी ताडून वनस्पती प्लवकांचा रंगनिर्देशांक ठरवला जातो. हरितद्रव्याचे हे बहुधा सर्वांत साधे ओढमापन होय. हे सर्वेक्षण आज इंग्लंडमधील प्लिमथ येथून चालते आणि उत्तर अटलांटिकमधील प्लवकांच्या दीर्घकालीन बदलांचा तो एक मोलाचा दस्तऐवज मानला जातो.

खोल पाण्यातील कणांचा अभ्यास वेगळ्या वाटेने पुढे गेला. १९४७–४८ मधील स्वीडनच्या ‘अल्बाट्रॉस’ मोहिमेत निल्स येर्लोव्ह यांनी खोल समुद्रातील पाण्यात प्रकाश कसा विखुरतो याची मोजणी केली. १९६५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेतील मॉरिस यूइंग व एडवर्ड थॉर्नडाइक यांनी उत्तर अटलांटिकच्या तळालगत गढूळ पाण्याचा जाड थर असल्याचे दाखवून दिले. याच दशकात अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत फ्रेड स्पीस यांच्या नेतृत्वाखाली सागरतळाजवळून ओढायचे ‘डीप टो’ हे यंत्र विकसित झाले.

१९७० च्या दशकात कॅनडाच्या बेडफर्ड समुद्रविज्ञान संस्थेत ‘बॅटफिश’ हे पंख हलवून स्वतःहून वर-खाली जाणारे ओढउपकरण तयार झाले आणि त्यावर हरितद्रव्यमापकही बसवण्यात आला. त्याच संकल्पनेवर ब्रिटनमध्ये ‘सीसोर’ विकसित झाले आणि पुढील दशकांत ते समुद्रविज्ञानातील अतिशय परिचित ओढउपकरण ठरले.

## उपकरणांचे प्रकार

| प्रकार | ओढण्याची रीत | साधारण खोली | मुख्य उपयोग |
|---|---|---|---|
| स्थिर खोलीची उपकरणे (उदा. सलग प्लवक नोंदक) | जहाजाच्या नेहमीच्या वेगाने | पृष्ठभागाखाली सुमारे १० मीटरच्या आत | दीर्घकालीन सर्वेक्षण |
| लहरत जाणारी उपकरणे (उदा. बॅटफिश, सीसोर, ट्रायॅक्सस) | सुमारे ८ नॉट वेगाने, पंखांच्या साहाय्याने वर-खाली | पृष्ठभागापासून काहीशे मीटर | भोवरे, प्रवाहसीमा, हरितद्रव्याचे थर |
| यो-यो ओढ | १ ते २ नॉट वेगाने, विंचने तार सोडत व गुंडाळत | काही हजार मीटर | उष्ण झरे, तळालगतचे गढूळ थर |
| तळाजवळून ओढायची उपकरणे (उदा. डीप टो) | अतिशय मंद वेगाने, तळापासून ठरावीक उंचीवर | काही हजार मीटर | सागरतळाचे चित्रण व गढूळपणा |

लहरत जाणाऱ्या उपकरणाला विमानासारखे आखूड पंख असतात. पंखांचा कोन बदलला की पाण्याच्या दाबाने उपकरण खाली किंवा वर जाते. ‘सीसोर’ पृष्ठभागापासून सुमारे ४०० मीटरपर्यंत जाऊन परत येण्यास साधारण दहा ते बारा मिनिटे घेते. ८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने जाणारे जहाज तेवढ्या वेळात अडीच ते तीन किलोमीटर पुढे सरकते. अशा रीतीने दर दोन-तीन किलोमीटरला पाण्याचा एक उभा छेद मिळत जातो आणि दिवसभरात तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीचा पडदाच जणू उलगडतो.

यो-यो ओढीत उपकरणाला पंख नसतात. तापमान, क्षारता व दाब मोजणारा नेहमीचा सांगाडा प्रकाशीय संवेदकांसह तळाजवळ सोडतात. जहाज अगदी संथ गतीने पुढे जात असताना विंचचालक तार सतत गुंडाळतो आणि सोडतो. उपकरणाचा मार्ग करवतीच्या दातांसारखा होतो. लहान मुलांच्या यो-यो खेळण्यावरून या पद्धतीस हे नाव मिळाले.

## तार, वेग आणि खोली

ओढउपकरणाची खोली ठरवण्यात तारेचा वाटा उपकरणापेक्षाही मोठा असतो. पाण्यातून वेगाने जाणाऱ्या तारेला प्रचंड अवरोध होतो आणि वेग वाढला की हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. परिणामी तार मागे ताणली जाऊन जवळजवळ आडवी होते आणि उपकरण वर उचलले जाते. शिवाय तारेमागे पाण्याचे भोवरे सुटत राहिल्याने ती सतारीच्या तारेसारखी थरथरते. हे टाळण्यासाठी तारेवर माशाच्या शेपटीच्या आकाराची आवरणे चढवतात. अशा आवरणयुक्त तारेने ‘सीसोर’ चारशे मीटर गाठते. साध्या तारेने त्याच वेगात ते सुमारे शंभर मीटरच्या आसपासच अडकते.

काही हजार मीटर खोलीसाठी उपाय एकच उरतो, तो म्हणजे वेग कमी करणे. म्हणूनच खोल समुद्रातील ओढ पायी चालण्याच्या गतीपेक्षाही मंद असते. खोलीचा दुसरा परिणाम दाबाचा. दर दहा मीटरला दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. ४००० मीटरवर तो सुमारे ४०० वातावरणे होतो. तेथील संवेदकांची कवचे बहुधा टायटॅनियमची असतात. तारेच्या गाभ्यातील वाहकांमधून वीज खाली जाते आणि नोंदी तत्काळ वर येतात. त्यामुळे एखादा असामान्य आकडा दिसताच जहाजाचा मार्ग बदलता येतो. स्वयंचलित नोंदकाच्या तुलनेत ओढउपकरणाचा हा मोठा फायदा आहे.

## खोल समुद्रातील उपयोग

### हरितद्रव्याचा खोल थर

उष्ण कटिबंधातील मोकळ्या समुद्रात हरितद्रव्य पृष्ठभागावर सर्वाधिक असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते बहुधा ५० ते १५० मीटर खोलीवर सर्वाधिक आढळते. वरच्या पाण्यात प्रकाश भरपूर पण पोषकद्रव्ये तुटपुंजी. खालच्या पाण्यात पोषकद्रव्ये भरपूर पण प्रकाश अत्यल्प. या दोहोंच्या संधिप्रदेशात हा थर तयार होतो. उपग्रहांना तो दिसत नाही. ओढउपकरणांच्या छेदांत मात्र तो सलग, वळणे घेत जाणाऱ्या रेषेसारखा उमटतो, आणि भोवऱ्यांच्या कडेला वर उचललेला किंवा खाली दाबलेला दिसतो.

हा थर म्हणजे नेहमीच अधिक प्लवक असे नाही. मंद प्रकाशात वाढणाऱ्या पेशी प्रकाश टिपण्यासाठी स्वतःत अधिक हरितद्रव्य साठवतात. पेशी तेवढ्याच असूनही हरितद्रव्याचा आकडा वाढू शकतो. अशा वेळी त्याच उपकरणावरील गढूळपणाचा संवेदक उपयोगी पडतो. हरितद्रव्याबरोबर कणांचे प्रमाणही वाढले असेल तर प्लवक खरोखर जास्त आहेत. ते वाढले नसेल तर बदल पेशींच्या अंतर्गत आहे, असे अनुमान काढता येते. दोन्ही संवेदक एकत्र वापरण्यामागचे हे प्रमुख कारण आहे.

### अंधाऱ्या पाण्यातील हरितद्रव्य

सुमारे २०० मीटरखाली प्रकाशसंश्लेषणास पुरेसा प्रकाश उरत नाही. तेथे हरितद्रव्याची नोंद शून्याजवळ असणे अपेक्षित असते. तरीही अधूनमधून उंच शिखरे उमटतात. ती बहुधा वरून वेगाने बुडणाऱ्या प्लवकांच्या गुठळ्यांची असतात. १९८३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी आयर्लंडच्या नैर्ऋत्येस सागरतळावर वसंत ऋतूनंतर ताज्या प्लवकांचा हिरवट थर साचतो, हे छायाचित्रांनिशी दाखवले. त्यापूर्वी खोल तळावर ऋतुमान पोचत नाही असा सर्वसाधारण समज होता.

एकाकी शिखरांना पूर्वी दोष समजून गाळून टाकण्याचा प्रघात होता. २००८ मध्ये उत्तर अटलांटिकमधील वासंतिक बहराच्या वेळी ग्लायडरांनी घेतलेल्या नोंदींत अशाच शिखरांचा माग काढून प्लवकांच्या गुठळ्या दिवसाला सरासरी सुमारे ७५ मीटर वेगाने बुडत असल्याचे अनुमान काढण्यात आले. पृष्ठभागावर शोषलेला कार्बन खोल समुद्रात किती वेगाने जातो, हे समजण्यासाठी ही नोंद महत्त्वाची ठरली.

### तळालगतचे गढूळ थर

यूइंग व थॉर्नडाइक यांनी वर्णिलेल्या थरांना नेफेलॉइड थर म्हणतात. हा शब्द ढग या अर्थाच्या ग्रीक ‘नेफेले’वरून आला असून संस्कृत ‘नभस्’ त्याच मूळ धातूचा भाऊबंद आहे. या थरांची जाडी काहीशे मीटरपासून हजार मीटरहून अधिक असू शकते. महासागराच्या मधल्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे कणांचे वजन २० मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते. तळालगत ते अनेक पटींनी वाढते. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळील खोल उतारावर झालेल्या ‘हेबल’ प्रकल्पात सुमारे ४८०० मीटर खोलीवर प्रवाहांचा वेग अचानक वाढून गाळ उसळण्याचे प्रसंग नोंदले गेले. त्यांना तळवादळे म्हटले जाते. खोल सागरतळ हे निश्चल, अपरिवर्तनीय स्थान आहे, ही कल्पना या अभ्यासांमुळे मागे पडली.

### उष्ण झऱ्यांचा शोध

मध्यसागरी पर्वतरांगांवरील भेगांतून अतिशय तप्त, खनिजयुक्त पाणी बाहेर पडते. थंड पाण्याशी संपर्क येताच त्यातील लोह व गंधकाची संयुगे बारीक कणांच्या रूपाने वेगळी होतात आणि धुरासारखा लोट तयार होतो. हा लोट साधारणतः शंभर ते तीनशे मीटर वर चढून आडवा पसरतो. झऱ्याचे मुख काही मीटरांचे, पण त्याचा गढूळ लोट कित्येक किलोमीटरांचा असतो. म्हणून झरा शोधण्यासाठी प्रथम यो-यो ओढीने लोट शोधला जातो आणि नंतर त्याच्या उगमाकडे जाता येते.

१९७७ मध्ये गॅलापागोस रांगेवर सुमारे २५०० मीटर खोलीवर उष्ण झरे प्रथम सापडले, तेही ओढउपकरणामुळेच. ‘अँगस’ या ओढल्या जाणाऱ्या कॅमेरा-सांगाड्यावरील तापमापकाने क्षणभर वाढ नोंदवली, आणि त्या वेळच्या मोजक्या छायाचित्रांत शिंपल्यांची दाट वस्ती दिसली. १९८६ मध्ये एडवर्ड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांना ईशान्य प्रशांत महासागरातील वान दे फूका रांगेवर सुमारे २० किलोमीटर व्यासाचा आणि ७०० मीटर जाडीचा महालोट आढळला. थोड्या काळात प्रचंड प्रमाणात तप्त पाणी बाहेर पडल्याची ती खूण होती.

## हिंदी महासागर आणि भारत

अरबी समुद्रात मोसमी वाऱ्यांमुळे वर्षातून दोनदा प्लवकांची वाढ होते. १९९४–९५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ओमानच्या किनाऱ्यापासून मोकळ्या समुद्रापर्यंत ‘सीसोर’ ओढून वेगवेगळ्या ऋतूंतील छेद घेतले. नैर्ऋत्य मोसमी काळात किनाऱ्यालगत वर आलेले थंड, पोषक पाणी लांबट पट्ट्यांच्या रूपाने समुद्रात दूरवर जाते, हे त्यांत दिसून आले. हिवाळ्यातील वाढीचे कारण निराळे आहे. थंड, कोरड्या ईशान्य वाऱ्यांनी पृष्ठजल जड होऊन खाली बुडते आणि खालील पोषकद्रव्ये वर मिसळतात. ही प्रक्रिया गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एम. मधुप्रताप व सहकारी यांनी १९९६ मध्ये स्पष्ट केली.

अरबी समुद्रात सुमारे १५० मीटरच्या खाली प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर आहे. या थरातील दोन गोष्टी संवेदकांच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. त्याच्या वरच्या भागात, अत्यंत मंद प्रकाशात, सूक्ष्म नीलहरित जिवाणूंमुळे हरितद्रव्याचा दुसरा थर आढळतो. त्याखाली, तळापासून फार उंचावर, कणांचा एक मधला गढूळ थर असतो. तो नायट्रेटचे विघटन करणाऱ्या जिवाणूंशी निगडित असल्याचे सय्यद वाजिह नक्वी व इतरांच्या अभ्यासातून पुढे आले. या ठिकाणी गढूळपणा हा गाळाचा नसून जीवसृष्टीचा निदर्शक ठरतो.

हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग रांगेवर २००३ मध्ये सुमारे ७० किलोमीटर लांबीचा उष्णजलाचा लोट आढळला. भारताने २०१६ मध्ये मध्य व नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगांवरील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात गंधकयुक्त खनिजांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार केला. अशा शोधात लोटांच्या गढूळपणाचे मापन हे पहिले पाऊल असते.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांसाठी संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना मराठीसह अनेक भाषांत देते. ही सूचना मुख्यतः उपग्रहांनी टिपलेल्या पृष्ठभागीय तापमान व हरितद्रव्यावर आधारलेली असते. पृष्ठभागाखालील थर तिच्या कक्षेत थेट येत नाहीत, आणि ही पोकळी भरून काढण्यासाठी पाण्यातील प्रत्यक्ष मापनांची गरज भासते.

## खोल समुद्रातील खाणकाम आणि गढूळपणा

सागरतळावर विखुरलेल्या बहुधातूंच्या गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असतात. ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून असे गोटे प्रथम भारतासाठी वर आणले. सध्या मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी भारताकडे आहे. तेथे समुद्र पाच हजार मीटरहून अधिक खोल आहे.

गोटे उचलताना तळाचा गाळ उसळणार, हे निश्चित आहे. खोल समुद्रात नैसर्गिकरीत्या हजार वर्षांत अवघे काही मिलिमीटर गाळ साचतो. तेथील अनेक जीव पाण्यातील विरळ कण गाळून जगतात. अचानक बसलेला पातळ थरही त्यांना घातक ठरू शकतो. म्हणून उसळलेला गाळ किती दूर जातो आणि किती काळ तरंगतो, हा प्रश्न खाणकामाला अनुमती द्यावी की नाही या निर्णयाच्या केंद्रस्थानी आहे.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी काही प्रयोग झाले आहेत. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूच्या खोऱ्यात तळ नांगरून पाहिला. २०१५ मध्येही नांगराच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘इंडेक्स’ प्रकल्पात १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात सुमारे तीन किलोमीटर लांब व २०० मीटर रुंद पट्ट्यावर गाळ मुद्दाम उसळवून परिणाम तपासण्यात आले. २०२१ मध्ये प्रशांत महासागरातील क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्रात ‘पटानिया २’ या गोटे गोळा करणाऱ्या यंत्राची चाचणी झाली. तिच्यावर आधारित २०२२ च्या अभ्यासानुसार उसळलेल्या गाळापैकी ९२ ते ९८ टक्के गाळ एक तर लगेच खाली बसला किंवा तळापासून दोन मीटरांच्या आत तरंगत राहिला.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचता येतो. गाळ उंच उडत नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. पण उरलेला अंश वर जातो आणि तो प्रवाहाबरोबर कुठे पोचतो, हे वेगळे मोजावे लागते. मापनाच्या दृष्टीने यातून एक बोध निघतो : तळापासून दहा मीटर उंचीवरून जाणाऱ्या ओढउपकरणाला पाणी स्वच्छ दिसेल, मात्र त्याच क्षणी खालच्या दोन मीटरांत दाट गढूळपणा असू शकतो. संवेदकाची तळापासूनची उंची नोंदवली नसेल, तर गढूळपणाच्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

## त्रुटी व मर्यादा

* दिवसाचा प्रभाव : भर उन्हात प्लवक जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देतात आणि त्यांचे अनुस्फुरण घटते. परिणामी दुपारी पृष्ठभागाजवळ हरितद्रव्य कमी असल्याचा आभास होतो. रात्रीच्या नोंदींशी तुलना करून ही त्रुटी सुधारतात.
* जातिभेद : एकाच प्रमाणातील हरितद्रव्याचे अनुस्फुरण प्लवकांची जात, पोषण आणि प्रकाशाची सवय यांनुसार बदलते. मोठ्या वापरातील एका प्रकारच्या अनुस्फुरणमापकांची कारखान्यात केलेली जुळणी हरितद्रव्य सरासरी दुप्पट दाखवते, असे २०१७ मध्ये कॉलिन रोस्लर व सहकाऱ्यांच्या जागतिक तुलनेत आढळले.
* शून्याची निश्चिती : पूर्ण अंधारातही संवेदक थोडा आकडा दाखवतो. हा आकडा वजा करावा लागतो. खोल पाण्यात खरी राशीच इतकी लहान असते की या वजाबाकीतील किरकोळ चूकही निष्कर्ष बदलू शकते. विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचे अनुस्फुरणही तेथे हरितद्रव्य म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.
* बुडबुडे व शेवाळ : पृष्ठभागाजवळ हवेचे बुडबुडे गढूळपणा वाढवून दाखवतात. भिंगावर साचलेल्या जैविक थरामुळे नोंदी हळूहळू सरकत जातात.
* स्थळकाळाची सरमिसळ : लांब छेद पूर्ण होण्यास कित्येक तास वा दिवस लागतात. तेवढ्यात समुद्र बदलतो, त्यामुळे छेद म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र नव्हे.

या कारणांमुळे प्रत्येक मोहिमेत काही ठिकाणी पाण्याचे नमुने घेऊन हरितद्रव्य ॲसिटोन पद्धतीने आणि कणांचे वजन गाळून प्रत्यक्ष मोजले जाते. संवेदकाचे आकडे या नमुन्यांशी जुळवल्यावरच ते मिलिग्रॅममध्ये प्रसिद्ध करणे योग्य समजले जाते. नमुने नसतील, तर आकडे केवळ सापेक्ष मानले जातात : इथे जास्त, तिथे कमी, एवढेच त्यांवरून म्हणता येते.

## पर्यायी साधने

एकविसाव्या शतकात स्वयंचलित ग्लायडर, मानवरहित पाणबुडी वाहने आणि जैवरासायनिक आर्गो फ्लोट यांवरही हेच संवेदक बसवले जातात. ही साधने जहाजाशिवाय काही महिने, फ्लोट तर काही वर्षे, काम करतात आणि प्रतिकूल हवामानातही नोंदी पाठवत राहतात. मात्र ग्लायडरचा वेग ताशी सुमारे एक किलोमीटर इतकाच असतो. वेगाने बदलणारी प्रवाहसीमा काही तासांत पार करून तिचा छेद घ्यायचा असेल, किंवा दिसलेल्या लोटाचा तत्काळ पाठलाग करून त्याच जागी पाण्याचा नमुना घ्यायचा असेल, तर जहाज आणि त्यामागील ओढउपकरण यांना अद्याप समाधानकारक पर्याय नाही.

## हे सुद्धा पहा

* वनस्पती प्लवक
* हरितद्रव्य
* सेक्की तबकडी
* अरबी समुद्र
* राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था
* आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण